चार्जरची बखर



चार्जर या शब्दाला चांगला मराठी शब्द असावा म्हणून मी बरेच दिवस शोधात आहे. "भारक" म्हणून पाहिलं, नातू हसला. "विद्युतभरणी" म्हटलं तर घरातले सगळेच हसले. तेव्हा या लेखात चार्जरच म्हणू. गंमत अशी की आपण ज्याला चार्जर म्हणतो तो खरं तर चार्जर नाहीच. बॅटरीत वीज कुठल्या वेगानं भरायची आणि कधी थांबायचं हे ठरवणारा खरा चार्जर फोनच्या किंवा टॅबलेटच्या पोटात बसलेला असतो. भिंतीच्या सॉकेटात आपण जे खुपसतो त्याचं काम एवढंच, की भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज उतरवून, तिची सौम्य डीसी करून आत सोडायची. दारावरचा द्वारपाल म्हणा हवं तर. पण द्वारपाल झोपला तर काय होतं हे इतिहासाच्या मास्तरणीनं सांगायला नको.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा जुना टॅबलेट. त्याची हकीकत पुढे येईलच. तेहेतीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे कुठल्याही घरात मागच्या दारानं शिरायची मला सवय लागली आहे. "कुठला चार्जर घेऊ?" या तीन शब्दांच्या प्रश्नाला मावशी १९३४ सालापासून उत्तर देते, असं भाचा चिडवतो. चिडवू दे. सुरुवात १९३४ पासूनच करते.

त्या साली ब्रिटिशांनी गोल पिनांच्या प्लगचं एक मानक छापलं. आपल्या घराघरांतले तीन गोल पिनांचे प्लग त्याचेच वंशज. पुढे १९४७ साली ब्रिटिशांनी स्वतःसाठी चपट्या चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला आणि त्याच वर्षी ते इथून गेले. गोल पिना आपल्याकडे राहिल्या. अमेरिकेनं आपल्या दोन चपट्या पिना ठेवल्या. पण पिनांचा आकार हा दिसणारा फरक. न दिसणारा फरक असा, की अमेरिकेत घरात १२० व्होल्ट येतात आणि आपल्याकडे २३०. पूर्वी परदेशातून कुणी रेडिओ किंवा मिक्सर आणला, की पिन बदलणारा दहा रुपयांचा तुकडा लावून तो हौसेनं सुरू केला जायचा आणि मिनिटभरात घरभर जळका वास. तो तुकडा फक्त आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. "बसतंय" आणि "चालतंय" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या सगळ्या बखरीचं सूत्र म्हणाल तर हेच.

आमच्या पिढीला बिनसेलाची वीज पहिल्यांदा भेटली ती "बॅटरी एलिमिनेटर" या भारदस्त नावानं. आठवतो का कुणाला? विटेएवढा जड डबा. त्यात लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे घातलेला ट्रान्सफॉर्मर असायचा, म्हणून ते वजन. ट्रान्झिस्टरला दोन सेल लागत असतील तर ३ व्होल्ट, चार लागत असतील तर ६, सहा असतील तर ९. एका सेलाचे दीड, हा हिशोब चौथीतलं पोरही करी. डब्यावर एक खटका असायचा : ३, ४.५, ६, ७.५, ९, १२. शेपटीला वेगवेगळ्या जाडीच्या चार-पाच पिना असायच्या, आणि आणखी एक छोटा खटका असायचा तो अधिक-उणे उलटं करायचा. कारण काही कंपन्या पिनेच्या आत अधिक ठेवत, काही बाहेर. म्हणजे एक साधा ट्रान्झिस्टर लावताना माणसाला तीन निर्णय घ्यावे लागत : पिन कुठली, व्होल्ट किती, अधिक कुठं. घरात हे काम ठरलेल्या एकाच माणसाचं असे आणि त्या खटक्याला पोरांनी हात लावायचा नाही असा दंडक असे. दंडक योग्यच होता. पिन तीच बसायची, पण ६ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरला १२ व्होल्ट गेले की मग आकाशवाणीवरच्या संध्याकाळच्या बातम्या शेजारच्यांकडे ऐकाव्या लागत.

ते जड डबे गेले कुठे? तर विजेला उतरवायची दुसरी युक्ती सापडली. भिंतीतली वीज आधी सरळ करायची, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची. इतक्या वेगानं हलणाऱ्या विजेला लोखंडाची वीट लागत नाही, बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९७७ साली निघालेल्या ॲपल टू या संगणकात रॉड होल्ट नावाच्या अभियंत्यानं अशीच वीजपेटी बसवली होती. ही युक्ती त्याचीच नव्हे, तिच्यामागे अनेकजण होते. पण घरगुती संगणकात ती लोकांना तिथे दिसली. पुढे तीच आकसत आकसत काड्यापेटीएवढी झाली. हिचा आणखी एक फायदा झाला. एकच चार्जर १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कुठल्याही देशात चालू लागला. आपल्या अमेरिकावासी मंडळींनी चार्जरवरच्या बारीक अक्षरांत "इनपुट"पुढे १००-२४० हे आकडे पाहावेत. ते असतील तर पिन बदलणारा तुकडा लावून इथे बिनधास्त वापरा. नुसतं १२० असेल तर पेटीतच राहू द्या.

मग आले मोबाइल. २००० नंतरची ती वर्षं आठवा. लग्नघरात पाहुण्यांचा पहिला प्रश्न पाण्याचा नसे, "नोकियाची बारीक पिन आहे का?" हा असे. आधी नोकियाची जाडी पिन होती, मग बारीक आली. सोनी एरिक्सनचं तोंड वेगळं, सॅमसंगचं वेगळं, मोटोरोलाचं वेगळं. युरोपीय संघानं मोजदाद केली तेव्हा २००९ साली तिथल्या बाजारात तीसच्या वर प्रकारचे चार्जर होते. बारा बलुतेदार परवडले!

त्याच काळातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं जाहीर केलं, की बीएल-५सी नावाच्या बॅटऱ्यांपैकी, जपानच्या मात्सुशिता कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना जास्त तापू शकतात. जगभरातून नोंद झालेल्या घटना शंभराच्या आसपास होत्या. पण आपल्याकडे जो गोंधळ उडाला तो अजून डोळ्यांसमोर आहे. बाँब असल्यासारखे लोक फोन हाताच्या अंतरावर धरून फिरत होते. पाठीमागचं झाकण काढून बॅटरीवरचा लांबलचक आकडा वाचायचा आणि तो कंपनीला कळवायचा. मला वाटतं, आपण वस्तूच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला शिकलो ते त्या पंधरवड्यात. नंतर विसरलो ही गोष्ट वेगळी.

आता पाच व्होल्टांकडे येऊ. आज फोन-टॅबलेटच्या बहुतेक चार्जरवर ५ व्होल्ट लिहिलेलं असतं. पाचच का? चार का नाहीत, सहा का नाहीत? याचं मूळ फोनमध्ये नाही, बॅटरीतही नाही. १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनं तर्कमंडलांच्या चिपांची एक मालिका काढली, तिला ५ व्होल्ट लागत. ती इतकी चालली, की पुढच्या संगणकांच्या वीजपेटीत ५ व्होल्टची तार हटकून असू लागली. मग जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी आलं. संगणकाला कीबोर्ड, माउस, प्रिंटर जोडायला एकच तोंड असावं म्हणून इंटेलमध्ये जे काम झालं त्यात अजय भट्ट हे प्रमुख होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. (सयाजीरावांचं नाव आलं की माझा ऊर भरून येतो, पण आज विषय तो नाही.) त्या तोंडातून जोडलेल्या वस्तूला थोडी वीजही मिळावी अशी सोय केली, आणि संगणकात आधीच असलेले ५ व्होल्टच त्यात आले. किती वीज? जास्तीत जास्त अर्धा अँपिअर. माउसला ती मुबलक होती. कुणी या तोंडातून टॅबलेट पोसायला निघेल असं तेव्हा कुणाच्या मनातही नसावं.

पण लोकांच्या ध्यानात आलं, की वीज मिळते आहे तर फोनही लावावा. २००६ च्या डिसेंबरात चीननं फोनच्या चार्जरच्या बाजूला यूएसबीचं तोंड असावं असं मानक काढलं. २००७ मध्ये यूएसबीवाल्यांनी खास चार्जिंगसाठी नियम लिहिले. जून २००९ मध्ये युरोपीय संघाच्या सांगण्यावरून दहा कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर सह्या केल्या, त्यात ॲपलही होती. इतिहासातले तह जसे असतात तसाच हा तह. सही केली, पण पळवाट ठेवली. वेगळा जोडतुकडा दिला तर स्वतःचं तोंड ठेवायला मुभा होती, आणि हा तह फोनपुरताच होता.

टॅबलेट त्यात नव्हते. आणि नेमक्या त्याच वेळी, एप्रिल २०१० मध्ये, पहिला आयपॅड आला. त्याची बॅटरी २५ वॉट-तासांची, म्हणजे त्या वेळच्या फोनच्या चार-पाच पट. त्याच्यासोबत १० वॉटचा चार्जर होता, ५.१ व्होल्ट, २.१ अँपिअर. संगणकाच्या साध्या यूएसबीला लावला, की पडद्यावर "चार्ज होत नाही" अशी इंग्रजी पाटी यायची आणि लोक घाबरून दुकानात न्यायचे. बिघडलेलं काही नसे. अडीच वॉटांच्या धारेवर पंचवीस वॉट-तासांचा रांजण भरायचा म्हणजे कागदावर दहा तास, प्रत्यक्षात त्याहून जास्त. आणि पडदा चालू असेल तर भरतंय त्यापेक्षा गळतंय जास्त.

आता बहिणीचा टॅबलेट. २०११ च्या दिवाळीत भाच्यानं अमेरिकेहून आणलेला आयपॅड टू. माझे मेहुणे भजनं फार सुरेख म्हणत. कॅसेट नाही, रेडिओवर कधी गेले नाहीत. पण त्या टॅबलेटवर बहिणीनं त्यांना म्हणताना टिपून ठेवलं होतं. ते गेल्याला आता सात वर्षं झाली. टॅबलेट कपाटात होता. यंदा त्यांच्या तिथीच्या आधी तिनं तो काढला तर बॅटरी पार रिकामी, आणि मूळ चार्जरची वायर मानेपाशी तुटून आतली तार दिसत होती. तिचा फोन आला. "ताई, कुठला चार्जर घेऊ? भलताच लावला आणि जळलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही गं."

तिच्या गावातल्या एका दुकानदारानं तिला दीडशे रुपयांचा चार्जर दाखवला होता. "काकू, फर्स्ट कॉपी आहे." फर्स्ट कॉपी! खोटेपणाला इतकं इभ्रतदार नाव जगात दुसऱ्या कुठल्या बाजारानं दिलं नसेल. मी तिला म्हटलं, "थांब. आधी टॅबलेटला काय लागतं ते पाहू, मग बाजार."

लागतात ते ५ व्होल्ट. हा आकडा जुळलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. दुसरा आकडा अँपिअरचा. इथे बहुतेक सगळे घाबरतात, आणि घाबरायचं कारण नसतं. "मूळ चार्जर २.१ चा होता, हा २.४ चा आहे, जास्त वीज जाऊन जळेल ना?" नाही जळणार. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी किती उंचावर आहे त्यावर पाण्याचा जोर ठरतो, तो व्होल्ट. नळातून दर मिनिटाला जास्तीत जास्त किती पाणी मिळू शकेल, ते अँपिअर. नळ मोठा असला म्हणून तुमचा तांब्या फुटत नाही. तोटी किती सोडायची ते तांब्याच्या मालकाच्या हातात असतं. टॅबलेटच्या पोटातला खरा चार्जर हाच तो मालक. तो हवी तेवढीच वीज ओढतो. उलट अँपिअर कमी पडले तर मात्र चार्जरची दमछाक होते. चांगला चार्जर हात आखडतो, वाईट चार्जर तापत राहतो. म्हणून व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

पण इथे एक मेख आहे आणि ती मला या निमित्तानं वाचताना सापडली. समोर जो चार्जर आहे त्याची ताकद किती, हे टॅबलेटला कसं कळतं? यूएसबीच्या तोंडात चार पट्ट्या असतात. दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. चार्जर त्या निरोपाच्या पट्ट्यांवर खूण ठेवतो. यूएसबीच्या अधिकृत नियमात खूण अशी, की त्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून टाकायच्या. ॲपलनं आपली खूण निराळी ठेवली : एका पट्टीवर साधारण २ व्होल्ट, दुसरीवर साधारण पावणेतीन, वगैरे. सॅमसंगच्या सुरुवातीच्या गॅलक्सी टॅबची खूण तिसरीच, दोन्हींवर साधारण १.२. किल्ल्याच्या दरवाज्यावर परवलीचा शब्द असतो ना, तसं. शब्द जुळला नाही तर टॅबलेट दार बंद करत नाही, पण हळूहळू, अर्ध्या-एक अँपिअरनं पितो. त्यामुळे चार्जर चांगला, आकडे बरोबर आणि तरी टॅबलेट रात्रभरात भरत नाही, असं जुन्या टॅबलेटांच्या बाबतीत होतं. नुकसान होत नाही, वेळ जातो. नंतर निघालेले चांगल्या कंपन्यांचे बरेच चार्जर या सगळ्या खुणा ओळखून योग्य ती दाखवतात.

खरी काळजी घ्यायची ती गोल पिनेच्या टॅबलेटांची. २०११ ते २०१३ च्या सुमारास आपल्याकडे स्वस्त टॅबलेटांची लाट आली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये कपिल सिब्बल यांनी दिल्लीत "आकाश" जाहीर केला, पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली आकाश-२ आला. शाळांमधून केवढी चर्चा झाली होती! मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण आमच्या शिक्षक-कट्ट्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. त्या लाटेतल्या कित्येक टॅबलेटांना चार्जिंगसाठी एलिमिनेटरसारखी बारीक गोल पिन होती. तीच पिन, पण कुणाला ५ व्होल्ट, कुणाला ९, कुणाला १२. राऊटरचा चार्जरही त्यातच बसायचा. म्हणजे चाळीस वर्षांनी आपण पुन्हा त्या सहा आकड्यांच्या खटक्यापाशी आलो, फक्त या वेळी खटका नव्हता आणि दंडक घालणारं कुणी नव्हतं. घरात असा टॅबलेट असेल तर त्याच्या पाठीवर छापलेले व्होल्ट पाहा, आणि अर्ध्या वर्तुळात ठिपका असलेलं चित्र पाहा. ठिपक्याकडे अधिक आहे की उणे, ते चार्जरवरच्या चित्राशी जुळलं पाहिजे. पाठीवर काही छापलंच नसेल तर अंदाजानं काही लावू नका. असूसच्या २०११ च्या ट्रान्सफॉर्मर टॅबलेटचं तर आणखी वेगळं. त्याच्या चार्जरचं तोंड यूएसबीसारखं दिसे, पण तो स्वतःच्या केबलीतून टॅबलेटला १५ व्होल्ट देई. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस आरटीला १२ लागत. म्हणून "टॅबलेट म्हणजे ५" असं पाठांतर करू नये. अक्षरं वाचावीत.

फर्स्ट कॉपीबद्दल बहिणीला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. केन शिरिफ नावाचे एक अमेरिकन गृहस्थ चार्जर उघडून आत काय आहे ते लिहितात. २०१४ मध्ये त्यांनी आयपॅडचा खरा चार्जर आणि त्याची हुबेहूब नक्कल दोन्ही उघडले. चार्जरच्या आत दोन मुलुख असतात. एकीकडे भिंतीतली जीवघेणी वीज, दुसरीकडे आपल्या हाताला लागणारी ५ व्होल्टची. मधे सीमा. खऱ्या चार्जरमध्ये या दोन मुलुखांत पाच मिलिमीटरच्या वर मोकळी जागा होती. नकलेत एक मिलिमीटरसुद्धा नाही. आपल्या कोकणातल्या दमट हवेत, एखाद्या थेंबानं किंवा मुंगीनं ती सीमा ओलांडायला कितीसा वेळ? आणि ओलांडली की २३० व्होल्ट सरळ केबलीतून टॅबलेटच्या धातूच्या पाठीवर, तिथून मांडीवर घेऊन बसलेल्या पोराच्या हातात. खऱ्या चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरची तारही वेगळ्या आवरणाची असते. हे सगळं बाहेरून दिसत नाही, वजनात मात्र जाणवतं. खोटा बहुधा हलका लागतो. शिरिफ यांना सापडलेल्या एका नकली चार्जरवर "ॲपल"च्या जागी "ॲबल" छापलं होतं. शुद्धलेखनानं जीव वाचतो, असं वर्गात सांगायला मला तेव्हा हे उदाहरण मिळायला हवं होतं.

हसण्यावारी नेऊ नका. जुलै २०१३ मध्ये चीनमध्ये चार्जिंगला लावलेला फोन उचलताना विजेच्या धक्क्यानं एक तरुणी गेल्याची बातमी जगभर गाजली आणि नकली चार्जरवर संशय गेला. पुढच्याच महिन्यात ॲपलनं जुने, परके चार्जर आणून द्या आणि खरा १० डॉलरला न्या अशी योजना काढली. २०१६ मध्ये यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेनं ॲपलच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यांपैकी ३९७ नापास. बारा तर असे, की जिवावर बेतावं. चारशेत तीन पास! इतका खराब निकाल माझ्या नोकरीत एकाही तुकडीचा पाहिला नाही.

आपल्याकडे सरकारनं २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी आणली आणि नोव्हेंबर २०१४ च्या अधिसूचनेनं चार्जर-अॅडाप्टरही त्यात घेतले. म्हणून रीतसर चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असते, आयएस हे अक्षर आणि मानकाचा आकडा, आणि "आर-" पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक. तो क्रमांक ब्यूरोच्या "बीआयएस केअर" या ॲपमध्ये घालून पाहता येतो. कंपनीचं नाव आणि वस्तूचं नाव जुळलं पाहिजे. नुसता क्रमांक छापायला काय, कुणीही छापतो. त्याच चिठ्ठीवर चौकोनात चौकोन अशी एक आकृती असते. ती दुहेरी विद्युतरोधाची. ती असली म्हणजे तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनेची गरज नाही असा अर्थ. माझ्या ओळखीतले पुष्कळजण दोन पिनांचा चार्जर पाहून उगीच बिचकतात.

भाच्याचा प्रश्न होता, "मावशी, माझ्या नव्या फोनचा ६५ वॉटचा चार्जर आहे, तो लावला तर?" वॉटांचा आकडा पाहून छाती दडपते खरी, पण नवे चार्जर जन्मतःच नम्र असतात. जोडल्याबरोबर ते ५ व्होल्टच देतात. समोरच्यानं त्यांच्या भाषेत "मला ९ झेपतात, २० झेपतात" असं सांगितलं तरच वाढवतात. जुन्या टॅबलेटला ती भाषा येतच नाही, त्यामुळे त्याला पाचच मिळतात. सी आकाराचं तोंड २०१४ मध्ये आलं. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोन-टॅबलेटांना ते सक्तीचं केलं. आपल्या ब्यूरोनंही जानेवारी २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानक जाहीर केलं. सगळ्यांना एक तोंड मिळालं, हे छानच. पण सी च्या सुरुवातीच्या काळातल्या कित्येक केबली सदोष होत्या. गूगलमधले बेन्सन लियुंग हे अभियंते एकामागून एक केबल विकत घेऊन तपासत होते, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये चुकीच्या तारा जोडलेल्या एका केबलीनं त्यांचा स्वतःचा संगणक निकामी केला. चार्जर निवडताना केबलीला सावत्र वागणूक देऊ नये ती याचसाठी.

बहिणीच्या बाबतीत शेवटी असं ठरलं. भाच्याकडे त्याच कंपनीच्या पुढच्या टॅबलेटचा १२ वॉटचा चार्जर होता, ५.२ व्होल्ट, २.४ अँपिअर, इनपुट १००-२४०. (५ आणि ५.२ मधला फरक चालतो, तेवढी सूट यूएसबीच्या नियमातच आहे.) परवलीचा शब्दही तोच. तो येताना घेऊन आला. तीस पिनांची रुंद केबल मात्र नवी घ्यावी लागली. लावण्याआधी मी तिला टॅबलेट टेबलावर उताणा ठेवून पडदा कडेनं उचललाय का, पाठ फुगली आहे का ते बघायला सांगितलं. फुगलेली बॅटरी असेल तर कितीही खरा चार्जर असो, लावायचा नाही. तिथून पुढे दुरुस्तीवाल्याचं काम. सुदैवानं सपाट होता. गादीवर नको, उशीखाली नको, फरशीवर ठेव आणि समोर बस, असं सांगितलं.

पहिली पंचवीस मिनिटं काहीच झालं नाही. बहीण फोनवर रडायच्या बेतात. पार रिकाम्या झालेल्या बॅटरीला आतला चार्जर आधी थेंबथेंब पाजतो, एकदम नाही. उपासानंतर आपण पेज देतो तसं. मी तिला म्हटलं, चहा टाक. चहा गाळायच्या आत पडद्यावर लाल रेघ आली.

दुपारी भाच्यानं सगळं संगणकावर उतरवून घेतलं, एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे. भजनं एकवीस निघाली. त्यातल्या तिनांत मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि एकात मेहुणे मधेच थांबून "गॅस बंद कर गं" म्हणाले आहेत.